अख्ख्या विटा

आमच्या केंद्रात दर चार महिन्यांनी एक भिंत उभी राहायची आणि लगेच पाडली जायची. भिंत ओळंब्यात असो की पोट काढून उभी असो, तिचं नशीब तेच. ती बांधून घेणारा माणूस आणि पाडणारा माणूसही एकच. मी तिथला कारकून, अकरा वर्षं. पाडलेल्या भिंतीतून किती विटा अख्ख्या निघाल्या हे रजिस्टरमध्ये लिहिणं माझ्याकडे होतं. त्या कामाला मी बिनडोक म्हणायचो आणि तसं तोंडावर बोलूनही दाखवायचो.

तो माणूस म्हणजे आमचे गवंडीकामाचे मास्तर. मुलं त्यांना पाठीमागे ओळंबा म्हणायची. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं लोखंडी वजन. भिंत सरळ चढते आहे का ते गवंडी त्यावरून बघतो. मास्तर उंच, किडकिडीत, मान जराशी खाली आणि तोंडातून शब्द महाग. नाव त्यांना अगदी फिट बसलं होतं. समोर मात्र सगळे मास्तरच म्हणायचे.

केंद्र म्हणजे एक जुनं गोदाम होतं, सगळे त्याला शेड म्हणायचे. वर पत्रा, उंचावर चार खिडक्या, कोपऱ्यात वाळूचा ढीग, पाण्याचं पिंप आणि जमिनीवर पांढऱ्या रंगाने आखलेला एक लांबट चौकोन. त्या चौकोनात भिंत बांधायची. शहरात अशा काही वस्त्या असतात की अर्जावर तिथला पत्ता दिसला की नोकरी देणारा अर्ज बाजूला सरकवतो. तिथल्या, शाळा सुटलेल्या पोरापोरींना गवंडीकाम शिकवायला एक संस्था आम्हाला निधी द्यायची. निधी तीन वर्षांचा. तिसरं वर्ष संपत आलं की आमच्या संचालकांची भूक मरायची आणि माझ्या कपाटातली रजिस्टरं एकदम चकचकीत दिसू लागायची.

विटा निधीतून एकदाच मिळाल्या होत्या, अगदी सुरुवातीला; भिंतीला हजार लागायच्या, फुटतील त्यांच्या जागी घालायला काहीशे जास्तीच्या होत्या. त्याच विटा परत परत वापरता याव्यात म्हणून भिंत चुना आणि वाळूच्या मालात बांधत. माल म्हणजे विटांमध्ये भरतात तो गारा. चुन्याचा माल दिवसभर मऊ राहतो. दुपारी घट्ट वाटला तर पाणी शिंपडून पुन्हा मळायचा, उरला तर ओल्या पोत्याखाली झाकून दुसऱ्या दिवशी वापरायचा. परीक्षा झाली की मास्तर थापीची कड सांध्यात घालायचे, मनगटाला एक हलका झटका द्यायचे, की वीट अलगद हातात. मग ती खरवडायची, पिंपात बुडवायची, रचून ठेवायची. "मास्तर आम्हाला चुना लावायला शिकवतात," असा पोरांचा ठरलेला विनोद होता. प्रत्येक तुकडीला तो आपणच शोधून काढला असं वाटायचं.

एकोणीस वर्षं त्याच विटा. कोपरे झिजून त्यांना साबणाच्या वड्यांचा आकार आला होता. हजारातल्या पाच-सहा फुटल्या तरी मास्तरांना जेवण जायचं नाही. मी रजिस्टर घेऊन गेलो की ते मान वर न करता म्हणायचे, "लिहा. नऊशे चौऱ्याण्णव." आवाजात जराशी ऐट असायची. ऐट कसली करायची यात, असं मला वाटायचं. बांधलेलं काही टिकत नाही, आणि हा माणूस किती नीट मोडलं त्याची टिमकी वाजवतोय.

ते केंद्रात का आले ते मला उशिरा कळलं. आधी ते मोठमोठ्या इमारतींवर काम करायचे. बायको आजारी पडली. साइट लांबच्या, सुटायची वेळ नाही. इथे सकाळी नऊ ते पाच. म्हणून आले. दीड वर्षात बायको गेली. मूलबाळ नव्हतं. मग जायचं तरी कुठे, म्हणून इथेच राहिले.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो म्हणून. दोन दिवस ते आले नाहीत आणि सामानाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती. मी चरफडत पत्ता शोधत गेलो. दुसरा मजला, लांब गॅलरी, शेवटचं दार. अंगात ताप, तरी त्यांनी चहा केला. घरात कप एकच. मी पिईपर्यंत ते थांबले, कप विसळला आणि मग स्वतःसाठी ओतला. पलंगामागच्या भिंतीला ओल आली होती, गिलाव्याचे पापुद्रे सुटून उशीवर पडत होते. गवंड्याच्या घरात ही भिंत!

"मास्तर, हे तरी नीट करा की," मी म्हणालो.

"भिंत मालकाची आहे. आणि बघणारं कोण आहे?"

मग त्यांनी चहा पीत पीत सांगितलं. बायको होती तेव्हा दर रविवारी दोघं शहरभर पायी फिरायची. ती बुटकी, त्यांच्या खांद्याच्याही खाली, आणि कायम डाव्या बाजूने चालायची. एखाद्या इमारतीसमोर थांबून मास्तर बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे आपलं." शाळेची कुंपणभिंत, दवाखान्याचा जिना, कुणा श्रीमंताचं गॅरेज, सगळं आपलं. ती हसायची. म्हणायची, एवढी मालमत्ता आहे तर मग भाड्याने का राहतो आपण?

"आता जात नाही रविवारी?" मी विचारलं.

"गेलो होतो एकदा," ते म्हणाले. "बोट दाखवलं. मग कळलं, शेजारी कुणी नाही. लोक बघायला लागले."

किल्ली घेऊन मी निघालो. परत कधी त्यांच्याकडे गेलो नाही, आणि याची आता मला लाज वाटते. आम्ही दोघंही जेवायला एकटेच असायचो. मी ऑफिसात टेबलाशी, ते शेडमध्ये पालथ्या घमेल्यावर बसून. मध्ये पंधरा पावलं असतील. अकरा वर्षांत ती पंधरा पावलं ना मी चाललो, ना ते.

आता सिमेंटबद्दल सांगायला हवं. ते सांगणं माझ्या जिवावर आलं आहे, म्हणूनच इतका वेळ विटांवर घालवला.

दरवर्षी खर्चाचा अंदाज करताना मास्तर मला एक चिठ्ठी देत. त्यावर एकच मागणी: प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या दोन आठवड्यांसाठी सिमेंट. आणि दरवर्षी मी ती खोडायचो. निधीच्या तक्त्यात एक रकाना होता, "वापरून संपणारी सामग्री". त्यात आकडा वाढला की वरून प्रश्न येत. सिमेंटची भिंत मोडता येत नाही, म्हणजे विटाही गेल्या, म्हणजे दर खेपेला नव्या विटा. कोण नसत्या भानगडीत पडणार? मी संचालकांपर्यंतही चिठ्ठी जाऊ दिली नाही. मास्तरांना सांगायचो, "वरून नाही म्हणाले." ते मान हलवायचे आणि शेडमध्ये निघून जायचे.

चुन्याचा माल दिवसभर जगतो, पण सिमेंटचा तासा-दीड तासात मरतो. एकदा तो धरायला लागला की त्यात पाणी घालून मळायचं नाही. मळला तर दिसायला मऊ होतो, पण आत जीव राहत नाही. मास्तर हे पोरांना तोंडी शिकवायचे, फळ्यावर लिहायचे, परीक्षेत विचारायचे. बहुतेक पोरं साइटवर गेल्यावर सुरुवातीला घमेलीच उचलायची. जुन्या गवंड्याच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं गेली की हे आपोआप अंगवळणी पडायचं. म्हणून इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही.

मग डावरी आली. डाव्या हाताने थापी धरणारी, म्हणून हे नाव. सोळा जणांच्या तुकडीत ती एकटीच मुलगी. एकोणीस वर्षांची, तोंडाची फटकळ, आणि हात असा की मास्तर सुद्धा काम थांबवून बघत राहायचे. विटांची ओळ ती उलट्या बाजूने लावत जायची आणि शेजारच्या पोराला कोपर मारायची. "तू सरक ना जरा, भिंत काय तुझ्या आज्जीची आहे?" असं वर ऐकवायची. मास्तर तिच्याशी चक्क दोन-दोन वाक्यं बोलायचे. तिचा कोपरा पाडताना त्यांना मी पहिल्यांदा थबकलेलं पाहिलं. थापी सांध्यात घातली, काढली, पुन्हा घातली. मग नेहमीसारखा झटका दिला.

पहिला नंबर आल्यामुळे डावरीला नोकरी लगेच मिळाली आणि ठेकेदाराने पहिल्याच दिवशी तिच्या हातात थापी दिली. ना घमेलं उचलणं, ना कुणा जुन्याचा हात. आम्ही खूश. तिचा फोटो मी अहवालाच्या पहिल्या पानावर लावला. हसते आहे, कपाळावर चुन्याचा ठिपका आहे.

पाच आठवड्यांनी, एका दुपारी, ती परत आली. मी तेव्हा रजिस्टर घेऊन शेडमध्येच होतो. ती सरळ मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"मास्तर, माझं काय चुकलं ते सांगा."

तिसऱ्या मजल्यावर न्हाणीघरांच्या आडभिंती तिला दिल्या होत्या. वर तिच्यासोबत कुणी नव्हतं. खालून सारखा माल आणायला नको म्हणून ती सकाळीच दुपारपर्यंतचा माल कालवून घ्यायची. घट्ट व्हायला लागला की पाणी शिंपडून मळायची, इथे करायची तसंच. भिंती सरळ होत्या, सांधे एकसारखे होते. आठवड्याने नळवाला पाइपासाठी खाच मारायला आला, त्याने छिन्नी लावली आणि वरचे चार थर हातात आले. ठेकेदाराने सगळ्या भिंती नुसत्या ढकलून पाडल्या. तिला काढलं, आणि आमच्याकडून आलेल्या आणखी दोघांनाही काढलं. त्या शेडमधली पोरं पुन्हा नकोत, म्हणाला.

"मी शिकवलं होतं ना ग," मास्तर म्हणाले. "तासाभराचाच माल कालवायचा."

"ऐकलं होतं मास्तर. परीक्षेत लिहिलंसुद्धा. पण हाताला कुठे माहीत होतं?"

मास्तरांनी हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही पोरी. माझं चुकलं."

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी रजिस्टर मिटलं आणि ऑफिसात जाऊन बसलो.

आणि नेमकं निधीचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. महिन्याभरात संस्थेच्या पाहणीच्या बाई येणार होत्या. त्यांच्या शिफारशीवर पुढची तीन वर्षं ठरणार होती. संचालकांनी आम्हाला बोलावून बजावलं, जे चांगलं आहे तेवढंच बोला. निधी थांबला तर शेड बंद होणार होतं, आणि मास्तरांना त्या शेडशिवाय दुसरं काही नव्हतं हे मला, संचालकांना, सगळ्यांना ठाऊक होतं. अहवालात मी डावरीला नोकरीतच दाखवलं होतं. नोंद केली त्या तारखेला ती नोकरीत होतीच, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बाई आल्या. साध्या, घाईत असलेल्या, वाईट अजिबात नाहीत. भिंत पाहिली, पोरांशी बोलल्या, माझी रजिस्टरं चाळली. निघताना मास्तरांना विचारलं, "तुम्हाला काही अडचण?" विचारता विचारता त्यांनी वहीचं पान उलटायलाही घेतलं होतं, कारण या प्रश्नाला सगळीकडे एकच उत्तर मिळतं.

"आहे," मास्तर म्हणाले.

संचालकांना खोकल्याची उबळ आली.

"आम्ही या पोरांना अर्धंच काम शिकवतो. ज्या मालात यांना जन्मभर बांधायचं आहे, त्याला यांनी इथे हातही लावलेला नसतो. एका मुलीची नोकरी गेली त्यापायी. तिच्यासोबत आणखी दोघांची. अहवालात ती नोकरीत आहे असं असेल तर ते दुरुस्त करा."

मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी पेन पुन्हा उघडलं.

"एकोणीस वर्षांत तुम्ही हे कधी कळवलं नाही?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

"सांगायचं राहून गेलं," ते म्हणाले.

मी मूग गिळून बसलो. बाईंनी तेही लिहून घेतलं.

पत्र तीन आठवड्यांनी आलं. प्रांजळपणाचं कौतुक होतं, चांगल्या कागदावर. पुढे लिहिलं होतं की खऱ्या सिमेंटमध्ये शिकवायचं तर गवंडीकाम फार खर्चाचं पडतं, म्हणून पुढची तीन वर्षं त्याच जागेत मोबाइल दुरुस्ती शिकवली जाईल. तिला टेबलं लागतात, वाळू लागत नाही. चालू तुकडीसाठी मात्र शिल्लक रकमेतून सिमेंट घ्यायला हरकत नाही. पत्र मी मास्तरांना वाचून दाखवलं.

"सिमेंट कधी येईल?" एवढंच त्यांनी विचारलं.

शेवटचे दोन आठवडे शेडमध्ये वेगळाच आवाज होता. मास्तर पोरांना ओरडत होते. ओळंबा ओरडतो, हे पोरांना नवीन होतं. "अर्धं घमेलंच कालव! मेला तो माल, टाकून दे, मायेने बघत बसू नकोस त्याच्याकडे!" त्यांनी डावरीला बोलावून घेतलं होतं. ती यादीत नव्हती, हजेरीपटावर नव्हती. मी तिला पाहिलंच नाही असं ठरवलं. तिने पहिल्या दिवशी तीन घमेली माल फेकून दिला, चौथ्या दिवशी एकही नाही. भिंतीचा डावा कोपरा तिचा. वर पोती टाकून दहा दिवस त्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं. मग तुकडी संपली आणि पोरं पांगली. डावरीला एका छोट्या ठेकेदाराकडे रोजावर काम लागलं, माल कालवून दाखव म्हणाला आणि तिने दाखवला.

नवीन टेबलं यायची होती, शेड रिकामं हवं होतं. भिंत फोडायला माणसं लावू, असं संचालक म्हणाले. मास्तर म्हणाले, "मीच काढतो." संचालक जाता जाता म्हणाले, "विटा जपून काढा हं, विकता येतील."

तीन दिवस लागले. पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने थापी सांध्याला लावून पाहिली आणि ठेवून दिली. मग छिन्नी, मग घण. मी दर तासाला काहीतरी निमित्त काढून डोकावत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी मी माझा डबा घेऊन शेडमध्ये गेलो आणि दुसरं घमेलं पालथं घालून त्यांच्याशेजारी बसलो. दोन घास पोटात गेल्यावर बोललो.

"मास्तर, सिमेंटला वरून कुणी नाही म्हणत नव्हतं. मी खोडायचो. चिठ्ठी वर जायचीच नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "केराच्या टोपलीत एक सापडली होती मला, खोडलेली. तुमची शाई होती."

"कधी?"

"झाली असतील सात-आठ वर्षं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "बोलायला तुम्ही एकटेच होतात इथे," ते म्हणाले. "भांडून काय करू?"

मीही माझ्या डब्याला झाकण लावलं. ते उठले आणि कोपऱ्याशी गेले, डावरीच्या. तेवढाच उरला होता. तो पाडायला त्यांना चार वाजले.

मी रजिस्टर उघडून उभा राहिलो. एकोणीस वर्षांची पानं: नऊशे चौऱ्याण्णव, नऊशे नव्वद, नऊशे सत्त्याण्णव. "अख्ख्या किती?" मी विचारलं. ते ढिगाऱ्याभोवती वाकून फिरले, तुकडे उलटे-पालटे केले, पुन्हा एक फेरी मारली. जिथे घण बसला तिथे वीट फुटली होती. सांधा एकही सुटला नव्हता.

"शून्य लिहा," ते म्हणाले. "एकही अख्खी निघाली नाही." आणि हसले. अकरा वर्षांत मी ते हसू पाहिलं नव्हतं.

मी शून्य लिहिलं. ते कपाळाचा घाम पुसत ढिगाऱ्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी बोट उचललं, मान डावीकडे वळवली, जराशी खाली, खांद्याच्याही खाली. तिथे कुणी नव्हतं. बोट तसंच अर्ध्यात राहिलं.

मी रजिस्टर खाली ठेवलं आणि तिथे जाऊन उभा राहिलो.

"हे आपलं," मास्तर म्हणाले.